खुराक उकरणाऱ्या सशासाठी चाळणीच्या तळाचा पत्र्याचा फीडर: वापरून झाल्यावरचं मत

आधी निकाल, मग बाकीचं. पिंजऱ्याला बाहेरून अडकवायचा, पत्र्याचा, तळाला बारीक भोकांची चाळणी असलेला फीडर घ्यावा का? ससे तारेच्या पिंजऱ्यात असतील आणि गोळीचा खुराक खात असतील, तर बिनधास्त घ्या. ससा घरभर मोकळा फिरत असेल, किंवा त्याच्या पुढ्यात धान्य, बिया, चपट्या डाळी असं मिश्रण पडत असेल, तर जरा थांबा. या फीडरने तुमचं काम व्हायचं नाही, आणि का व्हायचं नाही ते पुढे येईलच. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या घडणीचे फीडर पुष्कळ जण बनवतात. माझ्याकडचे दोन प्रकारही वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत, एक सुबक आणि एक ओबडधोबड. म्हणून हे मत घडणीबद्दलचं समजा.

माझ्याकडे तीन मोठे ससे. ठमी ही तीन किलोची पांढरी मादी, बंड्या तिचा भाऊ, आणि लंबू हा लोंबत्या कानांचा. तिघांचे पिंजरे वेगळे. बंड्या सज्जन आहे. त्याच्यापुढे नुसत्या कागदावर खुराक ठेवला तरी गोळी इकडची तिकडे होत नाही. लंबूला उकरायचाही कंटाळा. खरा प्रश्न ठमीचा.

ठमीचा कार्यक्रम असा. खुराक पडला की आधी भांड्यात नाक. मिशा भराभर हलतात, वरचा फाटलेला ओठ गोळ्या चाचपत फिरतो. सशाला अगदी नाकासमोरचं आणि तोंडाखालचं दिसत नाही. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मागून कोण येतंय ते दिसतं, पण तोंडापुढची गोळी ओठांनी आणि मिशांनीच शोधावी लागते. तर ठमी दोन-चार गोळ्या खाते, मान जरा मागे घेते, आणि मग उजवा पंजा, डावा पंजा, उजवा, डावा असा सपाटा सुरू करते. कोंबडीने उकिरडा उकरावा तसा खुराक पोटाखालून मागे उडतो आणि जाळीतून खाली जातो. पुन्हा नाक आत. हवं ते सापडलं तर खाणं, नाहीतर पुन्हा पंजे. भांडं रिकामं झालं की काठ दातात धरून ते आपटायचं, हा शेवटचा अंक, आणि तो बहुतेक वेळा रात्री सगळे झोपल्यावर.

घातलेल्या खुराकातला निम्म्याच्या आसपास भाग खालच्या ट्रेमध्ये जात होता. तिथे लेंड्या आणि लघवी, त्यामुळे तो पुन्हा वर घालायची सोय नाही. ओली झालेली गोळी फुगते, आंबते, तिच्यावर बुरशी धरते, ट्रेचा वास दुप्पट होतो. शिवाय सांडलेल्या खुराकाची बातमी उंदरांना कोणी सांगावी लागत नाही. सासूबाईंनी एक दिवस ट्रेकडे बघून विचारलं, "अगं, ससे पाळलेस की उंदीर?" उत्तर काय देणार!

फीडरकडे वळण्याआधी ससा का उकरतो, हे बघायला हवं. नाहीतर फीडरला उगाच श्रेय किंवा उगाच दोष दिला जातो. पाळीव ससा हा युरोपातल्या रानसशाचा वंशज, आणि तो रानससा बिळं करून राहणारा प्राणी. पुढच्या पायांनी माती मागे ओढणं त्याच्या रक्तातच आहे. तेव्हा उकरणं बंद करणारं यंत्र कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. प्रश्न एवढाच की तो खुराकातच का उकरतो, आणि त्याचं उत्तर बहुधा खाली पडलेल्या ढिगात मिळतं.

तो ढीग एकदा कागदावर पसरून बघाच. अख्ख्या, कोरड्या, एकसारख्या गोळ्या पडल्या असतील तर ससा एकतर कंटाळलाय किंवा भांड्यात गोळ्यांखाली चुरा साचलाय. गोळ्यांची पोती उचलताना, ओतताना गोळ्या घासल्या जातात आणि पिठासारखा भुगा तयार होतो. सशांना हा भुगा आवडत नाही, तो नाकात जाऊन शिंकाही येतात. भांड्यात गोळ्या वर, भुगा तळाशी. रोज वरून नवा खुराक घातला की तळाचा थर वाढत जातो, दमट हवेत तो कुबटतो, आणि मग ससा सगळंच बाहेर काढतो. मिश्रण घालत असाल तर ढिगात एकाच जातीचे दाणे दिसतील. गोड, तेलकट तेवढं वेचून खायचं आणि तंतुमय गोळ्या टाकून द्यायच्या, हे ससा फार लवकर शिकतो. इथे फीडर बदलून उपयोग नाही, खुराक बदलायला हवा, एकाच प्रकारच्या गोळीचा. तोही एकदम बदलू नये. सात ते दहा दिवस जुन्यात नवा मिसळत, नव्याचं प्रमाण वाढवत न्यावं, नाहीतर पोट बिघडतं.

आणि तिसरा ढीग, ज्याकडे कधीच काणाडोळा करू नये: ओल्या, अर्धवट चावलेल्या, लाळेने माखलेल्या गोळ्या. तो ससा उकरत नाहीये. त्याच्या तोंडातून घास गळतोय. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला दोन-अडीच मिलिमीटर. ते एकमेकांवर नीट बसले नाहीत किंवा दाढांना टोकं आली की चावताना दुखतं. हनुवटीखालचे केस ओले किंवा चिकटलेले आहेत का बघा, आणि फीडर शोधत बसण्यापेक्षा त्याला थेट पशुवैद्याकडे न्या. दहा-बारा तास ससा काहीच खात नसेल तर सकाळपर्यंतही थांबू नये. सशाचं आतडं थांबणं ही तातडीची गोष्ट आहे.

माद्यांचं आणखी एक कारण असतं. गाभण मादी विणीच्या सुमारास घरट्यासाठी उकरते. गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा, त्याच्या शेवटाकडे हे जोरात येतं. खोटा गर्भ राहिला तरी असंच, आणि तो सोळा-अठरा दिवस टिकतो. या दिवसांत ती तोंडात गवत भरून फिरते, छातीचे केस उपटते. तेव्हा तिला उकरायला काहीतरी द्यावं, खुराक सोडून. एरवी शांत असलेली मादी अचानक भांडं उलथवायला लागली तर तारखा बघाव्यात.

ठमीचा ढीग पहिल्या जातीचा होता. अख्ख्या गोळ्या, आणि त्यांच्यात मिसळलेला बारीक पिवळट भुगा. म्हणजे चाळणीच्या फीडरसाठी अगदी नेमका रोगी.

आता वस्तू. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा हा फीडर बाजूने बघितला तर इंग्रजी जे अक्षरासारखा दिसतो. उंच बाजू पिंजऱ्याबाहेर राहते. तिथे वरून खुराक ओतायचा. खालचा वळलेला भाग पिंजऱ्याच्या आत येतो, ते सशाचं ताट. ताटाच्या पुढच्या काठाला आत वळवलेली पट्टी आहे, बोटाच्या एका पेरापेक्षा थोडी जास्त रुंद. या पट्टीला मी सगळ्यात जास्त गुण देते. पंज्याने किंवा नाकाने गोळ्या पुढे ओढल्या की त्या पट्टीखाली अडतात आणि परत ताटात घरंगळतात. काही फीडरना ही पट्टी नसते, काठ नुसता सरळ असतो. तसला घेऊ नका, तो भांड्यापेक्षा फार वेगळा नाही.

तळाला चाळणी. माझ्या सुबक फीडरला पत्र्यातच गोल भोकं पाडली आहेत, ओबडधोबड फीडरला तळाशी विणलेली तारेची जाळी डकवली आहे. आमची गोळी ४ मिलिमीटर जाडीची. भोकं तिच्यापेक्षा स्पष्ट लहान हवीत, म्हणजे भुगा पडेल आणि गोळी राहील. विणलेल्या जाळीतून भुगा जास्त मोकळेपणाने पडतो, पण तिच्या कडा ताटाला जिथे जोडल्यात तिथे फटी आहेत आणि त्यात तुटके तुकडे अडकतात. गोल भोकांचा तळ साफ करायला सोपा. माझी पसंती गोल भोकांना.

बसवणं. पिंजऱ्याच्या बाजूच्या जाळीत चौकोनी खिडकी कापावी लागते. आमच्याकडे हे काम भावजींनी केलं, तारा कापायची मोठी पक्कड घेऊन. कापलेल्या तारांची टोकं कानसेने घासून घ्यावीतच, नाहीतर खाताना सशाचा गाल फाटतो. भावजींनी खिडकीच्या कडांवर फाडलेली प्लॅस्टिकची नळीही चढवली, ती ठमीने कुरतडली. मग पत्र्याची पातळ पट्टी दुमडून बसवली, ती टिकली. फीडर दोन तारेच्या आकड्यांनी अडकतो. इथे सुबक फीडरमध्येही घडणारांनी कंजुषी केली आहे: आकडे इतके सैल की ससा आतून नाकाने ढकलतो आणि सगळा फीडर टांगलेल्या डब्यासारखा खडखडतो. आम्ही वरून एक स्प्रिंग ताणून लावली. तेवढ्याने आवाज गेला आणि रिकामा फीडर आपटायचा ठमीचा आवडता उद्योगही बंद पडला, कारण हलणारी गोष्टच आपटायला मजा.

उंचीबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगते. ताटाचा काठ पिंजऱ्याच्या तळापासून आठ-दहा सेंटिमीटर वर हवा, मोठ्या सशासाठी. सशाने चारी पाय जमिनीवर ठेवून, मान किंचित खाली करून खाल्लं पाहिजे. फीडर फार खाली लावला तर पंजे थेट आत जातात, आणि लेंड्याही. फार वर लावला तर ससा मागच्या पायांवर उभा राहून काठावर पुढचे पाय टेकतो, म्हणजे पंजे पुन्हा ताटातच. ठमीच्या पिंजऱ्यात हा फरक इतका होता की जुन्या खिडकीच्या वर नवी खिडकी कापून फीडर चढवल्यावर उकरणं एकदम कमी झालं. चाळणीचं काम नंतर दिसलं, उंचीचं त्याच संध्याकाळी.

संध्याकाळी म्हणण्याचं कारण आहे. ससे दिवसभर पेंगतात. त्यांचं खरं खाणं संध्याकाळी, रात्री आणि पहाटे. एका बैठकीत पोटभर खायची त्यांची रीत नाही, दिवसरात्रीत वीस-तीस वेळा थोडं थोडं खातात. म्हणून आम्ही खुराक सूर्य कलल्यावर घालतो. दुपारी घातलेला खुराक ताटात पडून राहतो आणि पेंगुळलेला ससा त्यात नुसता चाळा म्हणून पंजा मारतो.

चाळणीचं काम बघायचं तर फीडरखाली एक काळा कागद ठेवा. सकाळी त्यावर पिवळ्या भुग्याची एक छोटी, सरळ कडांची रांगोळी पडलेली असते, ताटाच्याच आकाराची. हा भुगा पिंजऱ्याच्या आत पडतो, म्हणजे ट्रेमध्ये लेंड्यांबरोबर जातो. माझ्या मते घडणीतली ही खरी चूक आहे. चाळणीखाली छोटा खण दिला असता तर भुगा बाहेरच्या बाहेर गोळा झाला असता, आणि ट्रेमध्ये ओलीला आणखी एक कारण मिळालं नसतं. सध्या मी पोत्यातून काढलेला खुराक आधीच स्वयंपाकघरातल्या जुन्या चाळणीने चाळून मगच फीडरमध्ये ओतते. मग फीडरच्या चाळणीवर थोडंच काम उरतं आणि ट्रे कोरडा राहतो. खरं सांगायचं तर चाळून घातलेला खुराक आणि योग्य उंची, एवढ्यानेच अर्धं काम होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी आत वळलेली पट्टी.

दमट दिवसांत चाळणी बुजते. भुगा ओलसर होऊन भोकांत चिकटतो, वाळला की सिमेंटसारखा बसतो. बाहेरून बघताना सगळं ठीक दिसतं, पण ताटात बोट घातलं की तळाशी पुन्हा थर. ठमीने तो थर माझ्याआधी ओळखला आणि पुन्हा उकरायला लागली. आठवड्यातून एकदा फीडर काढून उलटा करायचा, पाठीवर थापट्या मारायच्या, कडक ब्रशने तळ घासायचा. धुतला तर उन्हात पूर्ण वाळवूनच परत लावायचा, ओल्या चाळणीवर गोळ्या ओतल्या तर दोन दिवसांत वास येतो. सशाच्या लघवीचा पांढरा खर पत्र्यावर बसला असेल तर साध्या पाण्याने निघत नाही, त्यावर थोडा वेळ व्हिनेगर टाकून ठेवलं की सुटतो. सशाच्या लघवीत चुना बराच असतो, म्हणून.

ओतायच्या बाजूचं तोंड आणि ताट यांच्यामध्ये जी फट असते, तिच्याकडे लक्ष द्या. सुबक फीडरमध्ये ती बेताची आहे: ताटात गोळ्यांचा पातळ थर राहतो, ससा खाईल तशी वरून भर पडते. ओबडधोबड फीडरमध्ये फट इतकी मोठी की वर ओतलेला सगळा खुराक धबधब्यासारखा ताटात येऊन काठापर्यंत भरतो, आणि मग आत वळलेल्या पट्टीचाही इलाज चालत नाही, गोळ्या तिच्यावरून वाहतात. भावजींनी आत पत्र्याची एक पट्टी रिव्हेटने ठोकून फट लहान केली. आता कधीकधी गोळ्या वरच अडकतात आणि ताट रिकामं राहतं. रोज एक टिचकी मारावी लागते. सुबक फीडरला टिचकीचीही गरज नाही.

आता तिघांचा हिशोब. ठमीची नासाडी पुष्कळ कमी झाली, थांबली मात्र नाही. पंजा ताटात गेला तरी मागे ओढायला जागा नाही, पट्टी आडवी येते. तेव्हा तिने तोंडात गोळ्या धरून मान झटकायचा नवा प्रकार काढला. त्यावर फीडरकडे उत्तर नाही. त्यावर उत्तर वाळलेल्या गवताकडे आहे. घोडी, म्हणजे गवत ठेवायची चौकट, गवताने भरलेली असली, बाजूला चावायला झाडाची फांदी आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात उकरायला कागदाच्या पट्ट्या असल्या की ती गोळ्यांशी खेळत नाही. गवत संपलं की त्याच रात्री खाली गोळ्या. सशाच्या खाण्यात बहुतांश वाटा गवताचाच असायला हवा, गोळी ही जोड. हे पाळलं जातंय की नाही याची चुगली आता मला ट्रे करतो.

बंड्याला फीडरची गरजच नव्हती. बसवला, तो त्यातून सभ्यपणे खातो, काही फरक नाही. त्याचं वजन तेवढं थोडं वाढलं, आणि तो दोष निम्मा फीडरचा. वरचा भाग इतका मोठा की दोन-तीन दिवसांचा खुराक सहज मावतो. हात मोकळा असला की माणूस काठापर्यंत भरतो. पूर्ण वाढ झालेल्या, पिल्लं नसलेल्या सशाला दिवसाला वजनाच्या किलोमागे फार तर २५ ग्रॅम गोळी पुरते. म्हणजे तीन किलोच्या सशाला ७५ ग्रॅम, एक छोटी वाटी. फीडरच्या आतल्या बाजूला निदान एखादी खूण तरी असायला हवी होती. मी स्वतः खिळ्याने ओरखडा काढून घेतलाय, आणि तेवढंच ओतते. थोडाच खुराक ओतला तरी तळ उतरता असल्यामुळे तो सशाच्या बाजूला गोळा होतो, ही गोष्ट मात्र छान जमली आहे. पिल्लांना पाजणाऱ्या मादीची गोष्ट वेगळी, तिच्यापुढे खुराक कायम असावा, आणि तिथे हा मोठा डबा सोयीचाच.

लंबूची अडचण कानांची. ताट अरुंद, कान दोन्हीकडून काठावर आणि मग ताटात. खाऊन झालं की कानांच्या टोकांना भुगा. लोंबत्या कानांच्या सशाला रुंद तोंडाचा फीडर लागतो आणि रुंद तोंडात पंजे जातात, असा तिढा आहे. लंबू उकरतच नाही म्हणून आम्ही त्याच्याकडचा फीडर काढला आणि त्याला जड, सरळ काठांचं चिनी मातीचं भांडं दिलं. तो खूश. घरात मोकळ्या असलेल्या सशासाठीही माझा कौल असल्याच भांड्याला: इतकं जड की दातांनी उलथत नाही, निम्म्यापेक्षा कमी भरलेलं, आणि शक्य तर गवताच्या घोडीखाली ठेवलेलं, म्हणजे ससा तिथे गवतासाठीही येतो. प्लॅस्टिकचं, स्क्रूने जाळीला पकडणारं वाडगं आम्ही वापरून बघितलं होतं. काठ कुरतडला जातो, स्क्रू ढिला होतो, चाळणी नाही. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

पिल्लांबद्दल इशारा. पिल्लं तीन आठवड्यांच्या सुमारास घरट्याबाहेर येऊन आईच्या खुराकाला तोंड लावतात. त्यांना हा फीडर म्हणजे बसायची जागा वाटते. ती ताटात चढतात, तिथेच बसतात, तिथेच लघवी करतात, आणि चाळणी एका रात्रीत बुजते. ताटात मधोमध उभी तार किंवा पट्टी असलेला फीडर मिळतो. तोंड जातं, पिल्लू बसू शकत नाही. माझ्या सुबक फीडरला ती होती. दुसऱ्याला भावजींनी जाड तार वाकवून बसवली. मोठ्या सशांनाही तिचा फायदा झाला, कारण मधे तार आली की दोन्ही पंजे एकदम आत घालता येत नाहीत आणि एका पंज्याने तसा सपाटा लावता येत नाही.

पाण्याचं एक सांगून टाकते, कारण फीडरवर नाहक आळ येतो. बाटलीची नळी अडकली आणि पाणी येईनासं झालं की ससा कोरड्या गोळ्या खायचं सोडतो. नुसता चिवडतो, पाडतो. नव्या फीडरमधून ससा खात नाही अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा नळीच्या तोंडाशी असलेली धातूची गोळी बोटाने दाबून पाणी येतंय का ते बघा.

गुण द्यायचे तर सुबक फीडरला पाचपैकी चार, ओबडधोबडला अडीच, तेही भावजींच्या मेहनतीचे धरून. घ्यायला जाल तेव्हा ताटाच्या सगळ्या कडांवरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवा. कड दुमडलेली आणि गुळगुळीत हवी. कापलेला नागवा पत्रा असेल तर तिथूनच परत द्या, सशाची जीभ आणि ओठ त्या कडेवर रोज घासणार आहेत. मग फीडर उजेडाकडे धरून तळातून बघा, सगळी भोकं आरपार आहेत का, काही मुलाम्याने बुजलेली असतात. तुमच्याकडच्या चार गोळ्या खिशात घेऊन जा आणि चाळणीवर टाकून हलवा. एकही खाली पडता कामा नये. आणि झाकण बिजागरीचं, घट्ट बसणारं घ्या. नुसतं ठेवायचं झाकण उंदीर नाकाने सरकवतो आणि पावसाची तिरपी सर आत जाते.